मालकाचा वाटा

माणूस फुकट राबायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. हे मला कुणी शिकवलेलं नाही. चाळीस वर्षं पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकून मी ते शिकले. गिऱ्हाईक फार गोड बोललं की ते शेवटी एक मूठ जास्त मागणार, आणि नवरा न सांगता भांडी घासायला बसला की त्याने काहीतरी करून ठेवलेलं असणार.

माझा नवरा कमलाकांत. अख्खं शिरगाव त्यांना तांडेल म्हणतं. स्वतःच्या बोटीवर सुकाणूही त्यांच्याच हातात होतं आणि शब्दही त्यांचाच चालायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बोट विकली. मासळी मिळेना, डिझेल परवडेना, कंबर साथ देईना. विकली त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की ती विकल्याचं मला बाजारात शेजारी बसणाऱ्या तानीने सांगितलं.

बोईसरजवळ बेटेगावला माझं एक घर आहे. दोन खोल्या, वर स्लॅब, मागे विहीर. वीस वर्षांपूर्वी बोंबील विकून आणि दोन पाटल्या मोडून मी ते घेतलं. तेव्हा तांडेल हसले होते, "दर्यावरच्या माणसाला जमीन कशाला?" कागद माझ्या नावावर झाला, कारण त्या दिवशी ते बोटीवर होते. घरात कारखान्यातली पोरं राहायची, एकेका खोलीत सहा-सहा. दिवाळीत शेवटची पोरं गेली ती भिंती काळ्या करून. त्यानंतर जो येई तो बघून परत जाई. संडास बाहेर, स्लॅब गळका, भिंतीला ओल, आणि डास एवढे, की भाडं त्यांनीच द्यावं.

इकडे माझा गुडघा गेला. डॉक्टरने सांगितलं, बाजारात फरशीवर बसणं बंद करा. मी त्याला विचारलं, मग चूल तू पेटवणार का? पण घरी येऊन विचार केला. घर नीट केलं, चांगलं कुटुंब ठेवलं, भाडं वाढलं, तर टोपली खाली ठेवता येईल. मला दुसरं काही नको होतं. सोनं नको, काशी नको. पहाटे उठून डोक्यावर टोपली घ्यायची नाही, एवढंच.

तांडेल लगेच म्हणाले, "मी घेतो करून. तू निस्ती बग."

मी बघतच होते.

पहिल्याच आठवड्यात कळलं की कामाला दिनानाथ, ललित आणि हर्षित जातात. तिघेही आमच्या बोटीवरचे खलाशी. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की दिनानाथ गवंडीकाम करायचा, तेव्हा त्याचं मी समजू शकत होते. मी विचारलं, "मजुरी काय घेतात?"

"मजुरी कोन मागतो? आपलीच मानसा हायेत."

आपली माणसं! मी आपल्या माणसांना चाळीस वर्षं ओळखते. आपली माणसं आपला चहा फुकट पितात, आपलं लोणचं फुकट नेतात. पण फुकट गोणी उचललेलं आपलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आणि हा दिनानाथ तर आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय बोटीवर पाय ठेवत नसे. तो आता पहाटेची पहिली एसटी पकडून बेटेगावला जातो, तेही फुकट? मी वाद घातला नाही, पण मनात संशय ठाण मांडून बसला.

मग कामाच्या बातम्या यायला लागल्या. बेटेगावला शेजारी शकू राहते, ती फोन करायची. तिला दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय आहे आणि मला ती सवय तेव्हा फार आवडली. ती म्हणाली, "वैनी, स्लॅबवर कायतरी चिकट मारतात, वास पार माज्या घरात येतो." चौकशी केली तर कळलं, फायबर. लाकडी बोटीला पाणी शिरू नये म्हणून बाहेरून जे कापड आणि रसायन थापतात, ते यांनी घराच्या डोक्यावर थापलं होतं. दुसऱ्या आठवड्यात संडास-बाथरूम आत आलं. तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ओट्याखाली सागाची कपाटं लागली.

मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भाडेकरूबद्दल तांडेलांचं मत मला पाठ होतं, डोक्यावर छप्पर असलं की झालं. तोच माणूस आता परक्यासाठी सागाची कपाटं करतो? भाड्याच्या घराला एवढा जीव कुणी लावत नाही. जीव लावतात ते विकायच्या घराला. गिऱ्हाईक यायच्या आधी शिळ्या मासळीवर पाणी मारून ती चकचकीत करतात, तसं.

त्यात एक दिवस शकूचा फोन आला. "एक मानूस टेप घेऊन आलाय. लांबी-रुंदी मोजतो, लिवून घेतो."

त्याच दिवशी तांडेल जेवता जेवता सहज म्हणाले, "वत्सला, घराचा कागद कुठं ठेवलास गो?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस असाच सहज बोलतो. मी विचारलं, "कशाला?"

"वीजवाल्याला दावायचा हाय. लोड वाडवून घेतो, गीजर लावाया."

"बगते," मी म्हणाले, आणि ते ओट्यावर जाऊन बसल्यावर कागद कपाटातून काढून बोंबलाच्या डब्यात तळाशी घातला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, सापडत नाही. तांडेल काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून माझा संशय आणखी वाढला.

आता माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. घर चकचकीत करायचं, विकायचं, आणि त्या पैशात पुन्हा बोट घ्यायची. खलाशी फुकट राबतात ते उगाच नाही, त्यांना बोट हवी आहे. बोट विकली ती मला न विचारता, आता घरही तसंच जाणार. संध्याकाळी समोर तिघे भेटले की "काय वैनी" म्हणून खाली बघायचे. खाली काय होतं? माझे पाय आणि त्यांच्या पायांना लागलेली वाळू!

बुधवारी मी बाजारातून लवकर उठले. टोपली तानीकडे ठेवली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला आणि न सांगता बोईसरची एसटी धरली.

बेटेगावला घरासमोर उभी राहिले आणि क्षणभर मला वाटलं, मी चुकीच्या दारात आले. भिंती पांढऱ्या स्वच्छ. खिडक्यांना बारीक जाळ्या. आत गेले तर ओल नाही, कुबट वास नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून पाहिलं. एक थेंब थांबला नाही, सगळं पाणी मोरीकडे धावलं. बोटीच्या डेकला देतात तसा उतार दिनानाथने फरशीला दिला होता. खुंट्या, कड्या, दोऱ्या, सगळं घट्ट. वादळातही हे घर हललं नसतं. खरं सांगते, मला रडू आलं. एवढं चांगलं घर माझं आहे यावर माझा विश्वास बसेना, आणि तेच आता जाणार होतं.

हर्षित दारामागे रंग देत होता. मला बघून त्याचा ब्रश खाली पडला. तांडेल नाक्यावर वडापाव आणायला गेले होते. बरंच झालं.

मी दिनानाथला समोर बसवलं. "त्यो टेपवाला कोन व्हता?"

"जाळीवाला, वैनी. खिडकीला डासांची जाळी नको?"

एक संशय गळाला. मी दुसरा काढला. "तुमी तिघं फुकट का राबताव?"

दिनानाथ माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच वेडी. "फुकट कशाला? वाटा हाय ना. बोटीवरचा रिवाज, त्योच हितं. भाडा येल त्यातला निम्मा मालकाचा, आनि उरलेल्या निम्म्यात आमचे खलाश्यांचे वाटे. तांडेलांनी पयल्याच दिवशी सांगितला."

बोटीचा रिवाज मला माहीत होता. खर्च वजा जाता निम्मं बोटीच्या मालकाला, बाकीचं हात लावणाऱ्यांना, त्यातही तांडेलाला दीड वाटा. मी विचारलं, "आनि मालक कोन?"

"तांडेलच की!"

"असा कोन बोल्ला?"

"तेच बोल्ले. आमी इचारला व्हता."

हर्षितला वाटलं, मला आनंदाची बातमी द्यावी. तो म्हणाला, "मालकाचा वाटा साठवून वर्षा-दोन वर्षांत ल्हान होडी घेऊ, असा पन बोल्ले."

म्हणजे माझा संशय अगदी खोटा नव्हता, पण खरं होतं ते त्याहून वाईट. घर विकलं असतं तर निदान चोरी म्हणता आली असती. चोराला माहीत असतं की वस्तू दुसऱ्याची आहे. आमच्या तांडेलांना ते माहीतच नव्हतं. भाडं आलं असतं, निम्मं खलाशांना गेलं असतं, निम्मं होडीत गेलं असतं, आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून त्याच फरशीवर बसले असते. बोटीवरचा मालकाचा वाटाही मी कधी घरात पाहिला नव्हता. तो जाळ्यात, इंजिनात आणि तांडेलांच्या रुबाबात जायचा. चूल टोपलीवर चालायची.

एवढ्यात तांडेल वडापावची पुडी घेऊन आले. मला पाहून दारातच थांबले.

मी कमरेचा कागद काढला आणि ललितच्या हातात दिला. तिघांत तो जरा शिकलेला. "वाच. मोठ्यानी."

ललितने कागद नाकापासून जरा लांब धरला, कारण त्याला बोंबलाचा वास येत होता. मग वाचलं. खरेदी देणार अमुक, खरेदी घेणार वत्सला कमलाकांत. पुढे त्याला वाचवेना.

दिनानाथने हातातली थापी खाली ठेवली. "तांडेल," तो म्हणाला, "मालकाला न इचारता आमी जाळ्याला हात लावत नाय. तुमीच शिकवला."

तांडेलांचे कान लाल झाले. "घरातल्या घरात कसली मालकी? तुजा माजा येगळा हाय काय?"

"येगळा नाय? मग बोट इकली तवा मला का नाय इचारला?"

ते पुडी ओट्यावर ठेवून खाली बसले आणि हळूच म्हणाले, "बोट इकली तशी या तिघांच्या घरी कमाई नाय. बंदरावर तोंड दावाया लाज वाटते. मना वाटला, यांना काय तरी द्यावा."

ते खरं बोलत होते. मला त्यांची कीवही आली. पण द्यायचं होतं ते माझ्या टोपलीतून, आणि मला विचारायचं नव्हतं. याचा राग त्या किवेपेक्षा मोठा होता.

तिघांना हाकलून द्यावं असं एकदा मनात आलं. पण त्या बाथरूमच्या उताराकडे लक्ष गेलं. केलेल्या कामाचं मोल नाकारणारी बाई मी नाही.

"रिवाज तोच ठेवू," मी म्हणाले. "मालकाचा निम्मा. मालक मी. उरलेल्यात वाटे. दिनानाथ, काम तू चालवलास, तर तांडेलाचा दीड वाटा तुजा. ललित, हर्षित, एक-एक. आनि कमलाकांत, एक."

"मी खलाशी?" तांडेल म्हणाले.

"आनि फेरीला नाय आला त्याला वाटा नाय, ह्यो पन रिवाजच हाय. दर वर्षी पावसाच्या आदी स्लॅब बगाया यायचा. नाय आला, वाटा बंद."

दिनानाथने थापी उचलली. "चालल, मालकीण," तो म्हणाला. एका शब्दाचाही वाद झाला नाही. इतकं सोपं होतं, आणि चाळीस वर्षं मी बोलले नव्हते! मला स्वतःचाच राग आला. मग आम्ही पाच जणांनी चार वडापाव खाल्ले.

भाडेकरू लगेच मिळाले. दिशा नावाची मुलगी, बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी, आणि तिची आई. आईने बाथरूम पाहिलं, दिशाने जाळ्या पाहिल्या, दोघींनी स्लॅबखाली उभं राहून वर पाहिलं, आणि पूर्वीच्या दुपटीला जरा घासाघीस करून हो म्हटलं. माझ्या निम्म्यात टोपली पूर्ण खाली येत नव्हती, पण आठवड्यातले चार दिवस येत होती. मी त्यातही खूश होते.

करार करायला पालघरहून हेमांगी आली. पंचविशीतली मुलगी, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. आता करार मशीनवर होतात. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, साक्षीदारांचे अंगठे. माझा अंगठा लावला. मशीनने नाही म्हटलं. पुसून लावला, नाही. दहाच्या दहा बोटं लावून झाली.

हेमांगी माझा हात उजेडात धरून म्हणाली, "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

"मिठानी खाल्ल्या," मी म्हणाले.

मग तिने साक्षीदार म्हणून तांडेलांचा अंगठा घेतला. पहिल्या झटक्यात आला. चाळीस वर्षं दोर ओढलेला हात तो, पण दोन वर्षं घरी बसून त्याच्या रेषा परत आल्या होत्या.

"मग एक करूया का?" हेमांगी म्हणाली. "आजींनी काकांना अधिकार लिहून द्यायचा. मालकाच्या जागी काकांचा अंगठा चालेल. दिशाताईंना पण थांबायला नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तांडेलांकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, मला शंभर टक्के वाटलं की ते हो म्हणणार. आयतं ताट समोर आलेलं होतं. मी तोंड उघडून भांडायच्या तयारीत होते.

"नाय," तांडेल म्हणाले. "मालकिणीचाच घ्या."

"मग पंधरा दिवस लागतील. मीठ-मासळीला हात लावायचा नाही, रोज खोबरेल चोळायचं. येतात रेषा हळूहळू."

दिशा थांबायला तयार झाली. पण मी विचारलं, "आनि पंधरा दिवस बाजार कोन करल?"

आमच्यात पुरुषाची मासळी बंदरावर संपते. तिथून पुढे टोपली, बाजार, भाव, भांडण, सगळं बायकांचं. पुरुष बाजारात बसला तर गाव त्याला जेवताना हसतं आणि झोपतानाही हसतं. आमचे तांडेल तर सगळ्यांत आधी हसणारे.

"मी जातो," ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. वाटलं, टोपली पालघरला नेऊन तानीच्या गळ्यात घालतील आणि चहाच्या टपरीवर बसतील. तिसऱ्या दिवशी मी मागून गेले आणि केळीवाल्याच्या गाडीआड उभी राहिले. तांडेल माझ्या जागेवर मांडी घालून बसले होते. बोटीवरून हाक मारावी तसे ओरडत होते. एका बाईने बोंबील वास घेऊन खाली ठेवला तर तिला म्हणाले, "नाक पुसून ये मग वास घे!" तानी आणि बाकीच्या बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. ते कुणाकडे बघत नव्हते. मान खाली घालून सोडे निवडत होते. मी न दिसता परत आले.

पंधरा दिवस मी हातांना खोबरेल चोळत बसले. एवढं बसायची सवय नव्हती, पण गुडघ्याला ते फार आवडलं. दुसऱ्या आठवड्यात तांडेल जेवताना डावा हात वापरायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "काय नाय." मी जबरदस्तीने उजवा हात उघडून पाहिला. बोटांना चिरा पडल्या होत्या आणि त्यांत मीठ बसलं होतं.

"असाच झोंबतो काय गो नेहमी?" त्यांनी विचारलं.

"पयली दहा वर्सं," मी म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला आणि भात चिवडत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

हेमांगी पुन्हा आली. मागचे अंगठे चालत नव्हते, सगळे नव्याने द्यायचे होते. माझा अंगठा तिसऱ्या खेपेला आला आणि मशीनवर हिरवा दिवा लागला. दिशाचा आला. मग साक्षीदार म्हणून तांडेलांनी अंगठा लावला. लाल. पुसून लावला. लाल. हेमांगीने पाच बोटं बदलली.

"काका, तुमचा येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पण पंधरा दिवस तेल लावून घरी बसाल का?"

तांडेल माझ्याकडे बघायला लागले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"दुसरा साक्षीदार बग, पोरी," मी म्हणाले. "यांना उद्या बाजार हाय."